नावाशी गप्प होणारा रेडिओ

काकांच्या रेडिओत काहीतरी बिघाड आहे, अशी आमच्या अख्ख्या आळीची समजूत होती. सकाळच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की केंद्राचं नाव खणखणीत ऐकू यायचं, मग आवाज एकदम बसायचा आणि परत वर यायचा तो थेट "आपल्याला बातम्या देत आहे" यावर. मधलं बातम्या देणाऱ्याचं नाव गायब. रोज. चुकूनही दुसरा शब्द कधी गेला नाही. एवढा शहाणा बिघाड कसा असेल, हा प्रश्न आळीत कुणालाही पडला नव्हता. शेजारच्या काकी अंगण झाडता झाडता म्हणायच्या, "सदूच्या रेडिओनं परत नाव गिलला बघ."

मी काकांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. आमच्या दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती, म्हणून मला खरं काय ते कळलं. नेमक्या त्या जागी काका बटण खाली फिरवायचे, आणि त्या रिकाम्या जागेत, बातम्या देणारे बोलतात त्याच सुरात, पण अगदी हळू, स्वतःचं नाव घ्यायचे. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मग बटण वर. पुढे बातम्या दुसराच माणूस वाचायचा, पण सुरुवात काकांनी करून दिलेली असायची. पहिले काही दिवस मला वाटलं, म्हातारा सकाळचा देवाचं काही पुटपुटतो. शब्द लागले तेव्हा मला हसू आलं, आणि नंतर ते हसू माझं मलाच आवडेना.

सदू हे त्यांचं नाव नव्हतं. हे सांगायला लागतं, कारण आळीतली पोरं, दूधवाला, पतपेढीतला शिपाई, सगळे त्यांना सदूच म्हणायचे. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथे मी ते लिहीत नाही. छापलेल्या नावाचं त्यांना कौतुक नव्हतं. "छापील नाव काय, लाइटबिलावर पन असते," म्हणायचे, "नाव आयकू आला पायजे." तेव्हा इथे त्यांना काकाच म्हणते. मी त्यांना काकाच म्हणत होते.

नायगावच्या खाडीकडच्या या आळीत मी आले ती परभणीकडून. रुळांच्या पलीकडे उंच उंच इमारती झाल्या आहेत, त्यांतल्या एका इंग्रजी शाळेत मराठी शिकवायचं काम मिळालं होतं. त्या इमारतींत राहणं मला परवडणारं नव्हतं आणि आळीतल्या लोकांना तिथे राहण्याची हौस नव्हती, म्हणून आमचं जमलं. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बोईसरला दिलेली. ती सणाला यायची, भांडी घासून द्यायची, "बाबा, माझ्याकडे चला" म्हणायची आणि संध्याकाळच्या आत परत जायची. काकांच्या घरात एक खुर्ची होती आणि दुसरी कधी लागली नव्हती. मी पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा मला खुर्ची देऊन ते स्वतः उभे राहिले, आणि पुढेही तसंच चालू राहिलं.

उभं राहण्याला त्यांच्याकडे कारणही होतं. बसून वाचलं की श्वास पोटात अडतो, असं त्यांचं मत. ते सगळं उभ्याने आणि मोठ्याने वाचायचे. लग्नाची पत्रिका आली की उजवा हात कानामागे धरून वधूवरांची नावं अशी वाचायचे, की मंत्रिमंडळाचा विस्तार झाल्यासारखं वाटायचं. पान उलटताना कागदाचा जराही आवाज येऊ द्यायचे नाहीत. वाचून झालेलं पान अलगद उचलून बाजूला ठेवायचे, कारण कागद खरखरला तर माइक तो पकडतो. घरात माइक कुठला? पण वीजबिलाचं पानही तसंच बाजूला जायचं. ताक, लोणचं, बर्फ वर्ज्य. सकाळी उठल्यावर मिठाचा एक खडा जिभेवर. वडील मिठागरावर होते. "आमच्या घरानं गलं मिठानं धुतलाय," ते म्हणायचे.

आणि ते हसत नसत. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. विनोद कळायचा, डोळे बारीक व्हायचे, पण तोंडावर हात जायचा आणि आवाज बाहेर यायचा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हासलो का तो भायेर येते."

तो म्हणजे सदू.

काका वीज कंपनीत मीटर वाचायला जायचे, ती नोकरी. पण तरुणपणापासून मुंबईच्या सरकारी रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात त्यांना बोलवायचे. त्या कार्यक्रमात दोन ठरलेली पात्रं होती. एक गुरुजी, ज्यांना सगळं माहीत असायचं. आणि एक सदू नावाचा गडी, ज्याला काहीही माहीत नसायचं. गुरुजी खताचं, बियाण्याचं, लसीकरणाचं सांगणार, सदू भलतंच काहीतरी विचारणार, गुरुजी "अरे येड्या" म्हणणार आणि सदू हसणार. घशातून सुरू होऊन नाकातून संपणारं ते हसू लोकांना एवढं आवडलं, की वीसेक वर्षं काकांची सुटका झाली नाही. गुरुजी तीनदा बदलले. सदू एकच राहिला. कार्यक्रमाच्या शेवटी "सहभाग, केंद्राचे कलाकार" एवढंच सांगायचे. बातम्या देणाऱ्याचं नाव रोज, गाणाऱ्याचं नाव गाण्याआधी आणि नंतर, तबलेवाल्याचंसुद्धा. सदूचं नाव सदू.

त्यातून त्या सदूची बोली कुठल्याच गावची नव्हती. लिहिणारा शहरात बसून लिहायचा. "व्हय जी, न्हाई जी. आमच्याकडं असा कोन बोलते?" काका विचारायचे. "मना वाटलेला, एकदा तरी बोलतील, तुमच्या गावचा बोला. नाय बोल्ले. गावचा मानूस पायजे, पन त्यांनी बनवलेला."

बातम्या वाचण्यासाठी त्यांनी अर्ज केला, एकदा नव्हे, बऱ्याचदा. शुद्ध मराठी त्यांना येत होतं. माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, आणि मी त्याच भाषेवर पोट भरते. शेवटच्या आवाज-चाचणीची गोष्ट त्यांनी मला मिठागराच्या बांधावर सांगितली. बंद खोलीत माइकसमोर त्यांनी बातमीपत्र वाचलं. काचेपलीकडे परीक्षक. पुराची बातमी होती, पाच गावांचा संपर्क तुटलेला. काका वाचत होते आणि काचेपलीकडे एक बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, मग शेजारचा माणूस हसायला लागला. उच्चारात चूक काढली नाही कुणी. बाहेर आल्यावर एका साहेबांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "अहो, छान वाचता. पण पुरात माणसं अडकलीत आणि सांगतोय सदू. लोक काय म्हणतील?" चहा पाजला म्हणे.

"म्हंजे बग बाय," काका म्हणाले, "मी वाइट केला असता ना सदू, तं बातम्या वाचल्या असत्या."

तिथून त्यांच्या डोक्यात तो किडा शिरला. रेडिओवर कोण कोण बोलतं आणि ती माणसं कुठून येतात, याचा ते छडा लावायला लागले. मिठागरातलं कोण आहे? कोळीवाड्यातलं? डोंगराकडच्या पाड्यांवरचं? वसईच्या ख्रिस्ती गावांतलं? मुंबईपासून हाकेच्या अंतरावर एवढी माणसं राहतात, ती माइकपर्यंत पोचताना कुठे गळतात? प्रश्न चोख होता. विचारायच्या जागा मात्र अचाट.

निवडणुका जवळ आल्या की आमच्याकडे सभा होतात, आणि सगळ्या सभा पाण्याच्या असतात. एका सभेत बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. उमेदवार "काही शंका?" म्हणाला, आणि काका उठले. कानामागे हात. "सरकारी रेडिओवर मीठ पिकवनाऱ्या गावचा एक तरी मानूस बातम्या वाचते का? नसेल तं तुमचा पक्ष काय करनार?" उमेदवाराने शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्याने आकाशाकडे. काकींनी मागून काकांचा सदरा धरून ओढला. "सदू, बस खाली! आदी पान्याचा होऊ दे." हंडे वाजले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. ते मात्र सभा उठेपर्यंत उभेच राहिले.

असं त्यांनी प्रत्येक पक्षाच्या सभेत केलं. कुणाला सोडलं नाही आणि कुणाला मत दिलं, तेही सांगितलं नाही. हळूहळू काका येताना दिसले की लोक जागा बदलायला लागले. चहाच्या टपरीवर त्यांच्या बाकावर कुणी बसेना. ते टपरीवर जायचे, एकटे बसायचे, रेडिओवर आलेल्या नव्या आवाजाबद्दल समोरच्या रस्त्याला काहीतरी सांगायचे आणि घरी यायचे.

मग एका नेत्याला तो प्रश्न आवडला. कसा काय, ते माहीत नाही. कुणीतरी काकांचा फोनवर काढलेला व्हिडिओ फिरला होता. नेत्याने भाषणात दणकून विचारलं, "जनतेच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओत जनता कुठे आहे? ठरावीक घरांतलीच माणसं का?" वर्तमानपत्रांत आलं. रेडिओ केंद्राने खुलासा केला की निवड निव्वळ गुणवत्तेवर होते. काकांनी तो खुलासा मला उभ्याने वाचून दाखवला, पान अलगद बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "गुनवत्ता कंच्या गावात पिकते तेवढा लिवला असता, तं तिकडं जाऊन रायलो असतो."

पुढची सभा वसईत होती आणि काकांना स्टेजवर बोलावलं होतं. त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. काय बोलायचं ते बांधावर उभं राहून माझ्यासमोर दोनदा बोलून पाहिलं. शेवटी स्वतःचं नाव घालायचं होतं. मी सभेला गेले होते. नेत्याने त्यांच्या गळ्यात हार घातला आणि माइकवर म्हणाला, "ज्यांनी हा प्रश्न उचलला, ते आपल्या सगळ्यांचे लाडके… सदू!" काय टाळ्या पडल्या! मग त्याने माइक काकांच्या तोंडाशी धरला. "सदू, एकदा ते तुझं हसून दाखव रे लोकांना."

काकांनी माइक हाताने हळूच बाजूला सारला आणि पायऱ्या उतरून खाली आले. आम्ही रिक्षाने घरी आलो. हार त्यांनी काकींच्या शेळीपुढे टाकला.

पण आरडाओरड्याचा एक उपयोग झाला. केंद्राने हंगामी वृत्तनिवेदकांसाठी नव्याने अर्ज मागवले. काका माझ्या मागे लागले. मी नाही म्हटलं. माझे वडील गावाकडे बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. आमच्या आडनावाची माणसं रेडिओवर गेली असतील तर वाजवायला, बोलायला नाही. हे मी त्यांना सांगितलं आणि तीच माझी चूक झाली. त्यानंतर त्यांनी मला सोडलंच नाही.

शाळा सुटली की ते मला मिठागराच्या बांधावर न्यायचे. मिठागर बंद पडलेलं, वाफ्यांत गवत. वाऱ्याकडे तोंड करून वाचायचं. वारा तोंडात शिरला की वाक्य तुटतं, ते तुटू द्यायचं नाही. काही नसलं तर पलीकडच्या इमारतींचे जाहिरातीचे फलक वाचायचे: "समुद्राच्या सान्निध्यात स्वप्नातलं घर." काका म्हणायचे, "आसा वाच का मानूस उठून घर घेवाला गेला पायजे." मी हसायचे, ते तोंडावर हात धरायचे. माझ्याशिवाय दिवसभरात त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. मी कंटाळून "आज पुरे" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि मला परत एक फलक वाचावा लागायचा.

माझी निवड झाली. मी येऊन सांगितलं तेव्हा काका दारात तांदूळ निवडत उभे होते. हो, उभ्यानेच. सूप त्यांच्या हातातून जवळजवळ सुटलं. आणि ते हसले. घशातून सुरू झालेलं ते हसू नाकातून जाऊन थेट आळीत गेलं, तोंडावर हात धरायचं राहूनच गेलं. पलीकडून काकी ओरडल्या, "आगो, सदू हासला!" दोन पोरं धावत आली. काकांचं हसू तिथल्या तिथे आटलं, आणि ते पुन्हा खाली बघून तांदूळ निवडायला लागले.

आरडाओरडा झाला म्हणून मला घेतलं, असं केंद्रात दोघातिघांनी माझ्या कानावर येईल असं म्हटलं. मी ते काकांना सांगितलं. "खरा हाय," ते म्हणाले. "आरडाओरडा माजा होता. पन वाचली तू." मला तेवढं पुरलं.

माझ्या पहिल्या बातमीपत्राला सगळी आळी कानांत प्राण आणून बसली होती. मी दुपारी परत आले तर काकींनी मिठी मारली. "काय झ्याक वाचलास! पन सदूच्या रेडिओनं तुज्या नावालाच गिलला बघ, मेल्यानं."

मी तडक आत गेले. काका खिडकीशी होते.

"माझ्या नावालासुद्धा बटण खाली केलंत?"

"केला."

"काका, मी आहे ती!"

"म्हनूनच," ते म्हणाले. "एकाला सोडला तं सगल्यांना सोडावा लागते. मंग मी कवा बोलू?"

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराशी उकडलेल्या वालाची वाटी होती, आणि भिंतीपलीकडे रेडिओ नेहमीच्या जागी गिळत होता. मला जाणवलं की या माणसाकडे दिवसभरात स्वतःच्या मालकीची तेवढीच जागा आहे, आणि ती तो कुणालाही देणार नाही. मी वाटी धुऊन परत केली.

पुढच्या वर्षी केंद्राने जुन्या कार्यक्रमांच्या आठवणींचा एक कार्यक्रम ठरवला. नवा निर्माता माझ्याच वयाचा, स्वभावाने चांगला. त्याने मला विचारलं, "तुमच्याकडे सदू राहतो ना? आणाल का?" मी काकांना विचारलं आणि ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. ते बराच वेळ मिठाचा खडा तोंडात घोळवत राहिले. "करतो," म्हणाले. "पन शेवटाला नाव सांगाचा. माजा." मी निर्मात्याला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, त्यात काय? नक्की."

ध्वनिमुद्रणाला मी हजर होते. काका सदू झाले, गुरुजी नवीन. कागद न वाजवता पानं बाजूला जात होती. सदू हसला तेव्हा काचेपलीकडे सगळे उभे राहिले. शेवटी निर्मात्याने स्वतः माइकवर सांगितलं: सदूच्या भूमिकेत… आणि काकांचं पूर्ण नाव. काकांनी डोळे मिटून ते ऐकलं. मी तिथे होते; ते नाव मी माझ्या कानांनी ऐकलं.

प्रसारणाच्या दिवशी त्यांनी आळीला घरी बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा. माझी खुर्ची, काकींचा बाक, शाळेतून मी आणलेल्या सतरंज्या. मुलगी बोईसरहून आली. काकांनी सांगून ठेवलं होतं, "शेवटपरेंत आयका. शेवट मत्त्वाचा हाय." कार्यक्रम सुरू झाला. लोक हसले, पोरांनी सदूची नक्कल केली, काकी डोळे पुसत होत्या. सदूचं हसू आलं, लांबच लांब, आणि त्यावर संगीत आलं, आणि एक बाई म्हणाल्या, "आता ऐकूया बाजारभाव."

टाळ्या वाजल्या. काका बटणाशी तसेच उभे. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. कुणीतरी म्हणालं, "काय सदू, शेवट एकदम भारी!" काकांनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेले. सगळ्यांना चहा दिला. कप त्यांचे त्यांनी विसळले.

दुसऱ्या दिवशी मी निर्मात्याला गाठलं. तो खरोखर ओशाळला. वेळ जास्त होत होता, कुठेतरी कापायला हवं होतं. "हसणं कसं कापू? आणि मला वाटलं, सदूला कोण ओळखत नाही? उलट नाव सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, हा कोण?" त्याच्या बाजूने त्याचं बरोबर होतं. मी जिन्यात जाऊन रडले.

त्यानंतर काकांनी बटण खाली करणं बंद केलं. सकाळी बातम्या लागायच्या, केंद्राचं नाव, बातम्या देणाऱ्याचं नाव, पुढे बातम्या, सगळं सलग. मी भिंतीला कान लावून पाहिला. कुणी काही बोलत नव्हतं. काकी अंगण झाडता झाडता म्हणाल्या, "सदूचा रेडिओ निट झाला वाटते, बरा झाला." सभांना ते जाईनासे झाले. मी बांधावर चला म्हटलं तर म्हणायचे, "तुला आता येते की." एकदाच मला म्हणाले, "काल तुजा नाव आयकला. चांगला वाटते." मला ते अजिबात चांगलं वाटलं नाही.

उन्हाळ्यात ते गेले. दुपारी पडले ते उठलेच नाहीत. सगळी आळी आली, मुलगी आली, खाडीकाठच्या स्मशानात नेलं. "सदू गेला, सदू गेला," एवढंच सगळीकडे चाललं होतं. त्यांच्या तोंडात मिठाचा खडा ठेवावा असं मला वाटलं, पण मी कोण सांगणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ड्युटी होती. वृत्तसंपादकांना म्हटलं, आपल्या एका जुन्या कलाकाराचं निधन झालंय. कोण, विचारलं त्यांनी. मी नाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. "सदू," मी म्हटलं. "अरे! सदू गेला? घ्या, घ्या." आणि त्यांनी भराभर लिहून दिलं: सदू या भूमिकेने घराघरात पोचलेले ज्येष्ठ कलाकार, पुढे नाव, यांचं काल नायगाव इथे निधन झालं.

"सर, सदू काढला तर चालेल?"

"मग कळणार कसं कोण ते?"

"नाव आहे ना त्यांचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि तेवढे शब्द खोडले.

शेवटची बातमी होती. लाल दिवा लागलेला. मी उभी राहू शकत नव्हते, माइक खुर्चीच्या उंचीला पक्का बसवलेला असतो, पण पाठ जेवढी ताठ करता येईल तेवढी केली आणि ते नाव वाचलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. ज्येष्ठ कलाकार. नायगाव. जेवढं सावकाश वाचता येतं तेवढं वाचलं. पान अलगद बाजूला ठेवलं. आवाज झाला नाही.

दुपारी आळीत शिरले तर काकी त्यांच्या ओट्यावर बसल्या होत्या. काकांचं दार बंद, कडीला कुलूप. मला बघून त्या उठल्या, माझा हात धरला. त्यांचे डोळे रडून रडून सुजलेले होते.

"बाय, पोरांच्या फोनवर तुज्या बातम्या आयकल्या सकाली," त्या म्हणाल्या. "शेवटाला कुनाचा नाव घेतलास? नायगावचा बोल्लीस. आपल्या सदूच्याच दिवशी आनखी कोन गेला ग?"

मी बंद दाराकडे बोट दाखवलं.

काकींनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या खाली बसल्या, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "परत सांग ना एकदा. काय नाव होता त्याचा?"